मूळ संहितेवाचून काव्यशास्त्र

मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत ॲरिस्टॉटल शिकवला जातो. तो वाचला मात्र क्वचितच जातो. शोकात्मिकेची व्याख्या, तिची सहा अंगे, ‘हामार्तिया’, ‘कॅथार्सिस’ आणि त्यांवरील इंग्रजी टीकाकारांची मते, असा क्रम ठरून गेलेला आहे. विद्यार्थ्याच्या हाती येतो तो ग्रीक ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतरावरील इंग्रजी विवेचनाचा मराठी सारांश. या चौथ्या हाताच्या ज्ञानाला ‘पाश्चात्त्य काव्यशास्त्र’ असे भारदस्त नाव देण्यात येते. मूळ भाषेचा विषय निघताच, ग्रीक-लॅटिन ही पंडितांची चैन आहे, भाषांतरे असताना तिची गरज काय, असे उत्तर मिळते. हे उत्तर तपासून पाहणे अगत्याचे आहे.

‘हामार्तिया’ हाच शब्द घ्यावा. ‘पोएटिक्स’च्या तेराव्या प्रकरणात नायकाचे भाग्य पालटावे ते दुष्टतेमुळे नव्हे, तर हामार्तियामुळे, असे प्रतिपादन आहे. इंग्रजी समीक्षेतील एका मोठ्या परंपरेने याचा अर्थ स्वभावातील दोष असा लावला आणि मराठीने तो निमूटपणे उचलला. ईडिपसचा ताठा, अँटिगनीचा हट्ट अशी दोषांची यादी करणे म्हणजे शोकात्मिकेची समीक्षा, हा समज त्यातूनच रूढ झाला. ज्याने होमरची युद्धवर्णने थोडी का होईना, पण मुळातून वाचली आहेत, त्याला या शब्दामागचे क्रियापद भाल्याचा नेम चुकतो तेथे भेटलेले असते. पुढे ‘नव्या करारा’च्या ग्रीकमध्ये ‘हामार्तिया’ पापाच्या अर्थाने येतो. कोशात हे अर्थ एकाखाली एक मांडलेले असतात. त्यांतला कोणता कोणत्या काळचा आणि कोणत्या प्रसंगातला, हे भान वाचनानेच येते. वस्तुतः मराठीला हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. नेम चुकतो, वाट चुकते, हिशेब चुकतो आणि माणूसही चुकतो. ‘चुकणे’ या एका क्रियापदाचा पल्ला ग्रीक शब्दाच्या जितका जवळ जातो, तितका ‘स्वभावदोष’ कधीच जाणार नाही. ग्रीकवरून थेट मराठीत येणाऱ्यास जे सहज दिसले असते, ते इंग्रजीच्या वळणाने येताना हरवले.

‘कॅथार्सिस’ची कथा याहून बोलकी आहे. सहाव्या प्रकरणातील व्याख्येत तो शब्द येतो, पण ग्रंथात त्याचे स्पष्टीकरण नाही. काव्यविषयक विवेचनात अधिक खुलासा करू, असे आश्वासन ॲरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागात देतो, तो खुलासा उपलब्ध ‘पोएटिक्स’मध्ये सापडत नाही. धार्मिक शुद्धी की वैद्यकीय निचरा, हा वाद त्यामुळेच उद्भवला. याकोब बेर्नाइस यांनी १८५७ साली वैद्यकीय अर्थाची बाजू जोराने मांडली. मराठीत ‘विरेचन’ ही पंचकर्मांतील एका क्रियेची संज्ञा रूढ झाली आणि वादाला तोंड फुटण्यापूर्वीच त्याचा निकाल लागला. सतराव्या प्रकरणात हाच शब्द ओरेस्टीसच्या शुद्धिविधीसाठी आलेला आहे. भाषांतरात दोन ठिकाणी दोन निराळे शब्द पडले की हे नाते दिसण्याचा मार्गच खुंटतो.

यात भाषांतराला कमी लेखण्याचा हेतू नाही. विंदा करंदीकरांनी १९५७ साली ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले, हे मोठेच काम होते. पण भाषांतर हे मूळ ग्रंथाकडे जाण्याचे आमंत्रण असते. ते मुक्काम ठरले की त्याची जागा सारांश घेतो आणि सारांशाची जागा गाइड.

दुसरा आक्षेप परंपरेच्या अभिमान्यांचा. आधी व्याकरण, मग साहित्य. रूपे मुखोद्गत झाल्यावाचून ग्रंथाला हात लावू नये, असे त्यांचे म्हणणे. या मार्गाने संस्कृताची रूपे पाठ केलेल्या आणि पुढे एकही नाटक मुळातून न वाचलेल्या पिढ्या महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. ज्या युरोपकडून ही शिस्त उसनी घेतल्याचे सांगितले जाते, तेथेही तिला आव्हान मिळाले. केंब्रिजच्या पर्स स्कूलमध्ये रूझ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच लॅटिन व ग्रीक त्या त्या भाषेतून शिकविण्याचा प्रयोग केला. डेन्मार्कच्या हान्स ओर्बेर्ग यांनी संपूर्ण लॅटिनमध्ये असे पाठ्यपुस्तक रचले की संदर्भावरूनच अर्थ लागत जावा. १९७८ साली केंब्रिजहून निघालेल्या ‘रीडिंग ग्रीक’मध्ये ॲरिस्टोफनीस, डेमॉस्थेनीस आदींच्या संहितांवरून बेतलेले सलग उतारे विद्यार्थ्यापुढे येतात. व्याकरण नको, असे यांच्यापैकी कोणाचेच म्हणणे नव्हते. ते वाचनाच्या अंगाने यावे, एवढाच आग्रह होता.

तिसरा आक्षेप सर्वांत अपमानकारक आहे. बुलडाणा जिल्ह्यातील डोणगावासारख्या गावातून आलेल्या मुलाला हे झेपणार नाही, असे सहानुभूतीच्या सुरात सांगितले जाते. जुनी भाषा वाचता वाचता शिकण्याचे साधन या मुलाच्या परिसरातच आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. डोणगाव मेहकर तालुक्यातले. लोणार शेजारच्याच तालुक्याचे ठिकाण. ‘लीळाचरित्रा’तील चक्रधरांचा वावर या दोन्ही ठिकाणी आहे. ‘पूजावसर’, ‘आरोगण’, ‘पहुड’ हे शब्द लीळेमागून लीळेत येत राहतात आणि थोड्याच वाचनानंतर टिपांची गरज उरत नाही. ‘बीढार’ वाचताना ‘बिऱ्हाड’ ऐकू येते. ‘गोसावी’ या शब्दाचा आजचा अर्थ तेथे चालत नाही, हे पहिल्या काही पानांतच उमगते. ओर्बेर्ग यांचे पुस्तक रोमन साम्राज्याच्या नकाशापासून सुरू होते. डोणगावच्या विद्यार्थ्याला ‘लीळाचरित्रा’चा निदान एवढा नकाशा तरी पायाखालचा आहे. त्यालाही आपण ‘महानुभावीय गद्याची वैशिष्ट्ये’ मुद्द्यांत घालून देतो. म्हणजे अडचण ग्रीकच्या परकेपणाची नाही. जे घरचे आहे, तेही मुळातून वाचू न देण्याची सवय जडली आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला; रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले. ‘अभिजात’ हे विशेषण मिरवायचे असेल, तर अभिजात ग्रंथ वाचण्याची रीतही पत्करावी लागेल. दोन वर्षांत कोणी ग्रीक पंडित होणार नाही, हे उघड आहे आणि तशी मागणीही नाही. एका सत्रात ‘लीळाचरित्रा’च्या पन्नास लीळा सारांश बाजूला ठेवून वर्गात सलग वाचल्या जाव्यात. काव्यशास्त्र शिकविणाऱ्याने ग्रीक लिपी आत्मसात करून ‘पोएटिक्स’चे सहावे व तेरावे प्रकरण, करंदीकरांचे भाषांतर शेजारी ठेवून, विद्यार्थ्यांसह शब्दशः लावावे. एवढेही होत नसेल, तर परीक्षेत ‘विरेचना’वर प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणत्या आधारावर सांगितला जातो, याचे उत्तर अभ्यासमंडळांनी द्यावे.