विधीचे कुंपण आणि श्रद्धेची पंक्ती

नाताळच्या दिवसांत येशू ख्रिस्ताच्या जन्माची कथा सर्वत्र सांगितली जाते. गव्हाणीतील बालक, मेंढपाळ, पूर्वेकडील ज्ञानी पुरुष ही चित्रे आता कोणासही अपरिचित राहिलेली नाहीत. परंतु येशूच्या पश्चात सुमारे वीस वर्षांनी त्याच्या अनुयायांत जो तीव्र वाद माजला, त्याची कथा फारशी कानी पडत नाही. आचारधर्माविषयी आस्था बाळगणाऱ्या प्रत्येक घराने मनन करावे असा तो वाद असल्याने आज आम्ही त्याचाच विचार करू इच्छितो.

येशू यहूदी होता व त्याचे पहिले शिष्यही यहूदीच होते. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे पुत्राची आठव्या दिवशी सुंता करावी, शब्बाथाच्या दिवशी काम वर्ज्य करावे, भक्ष्याभक्ष्याचा विवेक पाळावा, हा त्यांचा कुलपरंपरागत आचार. हा आचार म्हणजे निव्वळ जाच होता असे मानणे अन्यायाचे होईल. इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमारास अँटायोकस चौथा या राजाने त्यावर बंदी घातली, तेव्हा कित्येकांनी प्राण दिले. आचार सोडला नाही. आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाज तेल गाळण्याचा धंदा करी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. शेकडो वर्षे दूरदेशी राहूनही त्यांचे वेगळेपण राखले, ते सुंता, शब्बाथ आणि अन्नाचे नियम यांनीच. कुंपण असते ते पीक राखण्यासाठी, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

वादाचे बीज पडले अंत्युखिया नगरीत. आज तुर्कस्तानात असलेल्या या नगरीत यहूदी नसलेले लोकही येशूला शरण येऊ लागले. ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम तेथेच रूढ झाले. इतक्यात यहूदियातून काही मंडळी आली आणि सुंतेवाचून तारण नाही असे सांगू लागली. पौल व बर्णबा यांनी त्यांना विरोध केला. इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमेत वडीलधाऱ्यांची सभा भरली. नवागतांवर सुंतेचे ओझे लादू नये. मूर्तीला अर्पिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि व्यभिचार एवढे त्यांनी वर्ज्य करावे, असा निर्णय याकोबाने दिल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात नमूद आहे.

परंतु निर्णय होणे निराळे आणि एका पंक्तीस बसणे निराळे. पेत्र हा शिष्यांतील अग्रणी. अंत्युखियात तो या नवागतांसमवेत निःसंकोच जेवत असे; पण याकोबाकडील माणसे येताच लोकापवादाच्या भयाने तो पंक्तीतून उठला. त्याच्यामागून इतर यहूदी उठले, प्रत्यक्ष बर्णबाही उठला. तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला जाब विचारला, असे त्याने स्वतःच गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. पौलाचा युक्तिवाद पूर्वापर संगतीचा आहे. अब्राहाम नीतिमान ठरला तो श्रद्धेमुळे, आणि तेही सुंता होण्यापूर्वी. मग जे श्रद्धेने आधीच दिले, त्यासाठी विधीची अट कशी घालता येईल?

यावरून पौल विधिभंजक होता असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो उतावळेपणाचा ठरेल. तीताची सुंता करण्यास नकार देणाऱ्या याच पौलाने, यहूदी मातेच्या पोटी जन्मलेल्या तीमथ्याची सुंता स्वतः करविली. पहिल्या प्रसंगी विधी ही तारणाची अट म्हणून पुढे आली होती. दुसऱ्या प्रसंगी यहूदी बांधवांत वावरताना अडसर राहू नये एवढाच हेतू होता. मांस खाण्याने दुबळ्या श्रद्धेच्या बंधूला ठेच लागत असेल तर आपण मांस कायमचे सोडू, असे त्याने करिंथकरांस कळविले. मोकळीक मिळाली ती स्वैर वागण्यासाठी नव्हे, परस्परांच्या सेवेसाठी, हे त्याचे तात्पर्य.

मनुष्यस्वभाव मात्र कुंपणावाचून फार काळ राहत नाही. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर लवकरच रचल्या गेलेल्या ‘दिदाखे’ या ख्रिस्ती आचारग्रंथात उपवासाचे वार नेमून दिलेले आढळतात. इतर लोक सोमवारी आणि गुरुवारी उपवास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा, अशी त्यातील आज्ञा आहे. ज्यांनी जुने विधिनियम सर्वांवर लादण्यास नकार दिला, त्यांच्याच वारसांनी अल्पावधीत नवे नियम घातले, आणि तेही वेगळेपण दाखविण्यासाठी!

आमच्या मते या कथेचे मर्म विधी असावेत की नसावेत यात नाही. विधीवाचून श्रद्धा निराधार होते आणि श्रद्धेवाचून विधी शुष्क होतो. परीक्षा आहे ती पंक्तीच्या वेळी. आपण पाळलेला नियम आपल्याला नम्र करतो की शेजारी बसलेल्या श्रद्धावंताला उठवितो? आणि आपण घेतलेली मोकळीक त्याला जवळ आणते की दुखविते? पौलाने पेत्राला हाच प्रश्न तोंडावर विचारला. पेत्राने काय उत्तर दिले, हे त्या पत्रात लिहिलेले नाही. ते उत्तर ज्याचे त्याने आपल्या घरातील ताटावर बसताना द्यावयाचे आहे.