पायाला विश्रांती सांगितली, पण बाईला?



गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या पायाचं ऑपरेशन झालं. अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर येतं, अंगठा शेजारच्या बोटावर कलतो, चप्पल घासून कातडी सोलते. डॉक्टर त्याला ‘बनियन’ म्हणतात. (आईला आधी गंजीफ्रॉकच वाटला!) हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. काही घराण्यांतच तो असतो. निमुळत्या, उंच टाचांच्या बुटांनी वाढतो. अशा बुटांच्या सक्तीविरुद्ध जपानमधल्या नोकरदार बायकांनी २०१९ मध्ये मोहीम उघडली होती.

ऑपरेशनमध्ये नुसतं हाड तासत नाहीत. अंगठ्यामागचं हाड कापून सरळ बसवतात, स्क्रूने धरतात. ते जुळेपर्यंत साधारण सहा आठवडे जपायचं. पहिले दोन आठवडे तर पाय उशीवर उंच, नंतर कडक तळाच्या खास बुटातून टाचेवर भार देत थोडं चालायचं. सूज पूर्ण उतरायला कित्येक महिने जातात. म्हणून पाय दिसायला बरा व्हावा यासाठी हे करू नये. रुंद चप्पल वापरूनही दुखणं थांबत नसेल, तरच करावं.

मला पगारी रजा होती, बहीण येऊन राहिली. शेजारच्या खाटेवरची ताई चार घरची धुणीभांडी करणारी. घरी सोडताना तिला ‘विश्रांती घ्या’ असं सांगितलं गेलं, तेव्हा नवरा औषधाच्या दुकानात होता. अठराव्या दिवशी ती पट्टीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून कामावर गेली. जखम चिघळली, तर सगळे म्हणाले, बाई निष्काळजी!

तिने पाय वर ठेवायचा तर पाणी कोणीतरी भरायला हवं, भाकरी कोणीतरी थापायला हवी. हे कोण करणार, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच ठरलं पाहिजे. डॉक्टरांनी घरच्यांना समोर बसवून सांगावं. उकिडवं बसायचं नाही, हंडा उचलायचा नाही, ओट्याशी उभं राहायचं नाही, हे कागदावर मराठीत लिहून द्यावं. ज्या घरांत ती राबते, त्यांनी या दिवसांचा पगार कापू नये; ही मागणी एकटीने नव्हे, गटाने जाऊन करावी. बचत गटात पैशाची पाळी लावतो तशी स्वयंपाकाचीही लावता येईल. मात्र त्यात पुरुषांची नावं हवीत, नाहीतर एका बाईचं काम दुसरीच्या डोक्यावर!

तुमच्या गटात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर त्या सहा आठवड्यांत घर कोणी चालवलं, हे आम्हाला जरूर लिहून कळवा.