झटक्याचा ताण



दोराने एकदा वजन पेलले की तो सुरक्षित, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे बल्लारपूरच्या लाकूड डेपोजवळ राहणाऱ्या मला धोक्याचे वाटते. सैल तारेत अडकवलेला सागाचा ओंडका चार बोटे जरी घसरला, तरी तारेवर वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. घरीच पाहा. लिटरभर पाण्याची बाटली जेमतेम पेलणारा दोरा, तीच बाटली वीतभर उंचीवरून सोडली की तुटतो. बाटली नुसती लटकवल्यावर दोरा १ सेंटिमीटर ताणला जात असेल, तर १० सेंटिमीटर पडल्यावर ताण सुमारे साडेपाच पट होतो. उंची शून्य ठेवून, हात एकदम काढला तरी दुप्पट! पोलादी तार फारच कमी ताणली जाते, म्हणून तिला बसणारा झटका आणखी मोठा. उचल करण्यापूर्वी तारेतली ढील काढायलाच हवी, आणि ओंडक्याखाली मजूर कधीच नकोत.

– एक वाचक, बल्लारपूर (जि. चंद्रपूर)