पोट बिघडले म्हणून पळणे सोडू नका, पण पोटाचे दुखणे लपवून पळूही नका

भरतीची जाहिरात निघाली की आपल्या वस्त्यांतली मुले-मुली पहाटे अंधारात मैदान गाठतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. राज्य राखीव पोलीस दलासाठी ५ किलोमीटर. काही जण त्यापुढे जाऊन १० किंवा २१ किलोमीटरच्या शर्यतीतही उतरतात. गुडघा दुखला की ही मुले लगेच सांगतात. पोटाचे मात्र कुणी बोलत नाही. जुलाब, जळजळ, शौचातून रक्त या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात, असे आपणच घरात शिकवून ठेवले आहे.

मग दोनपैकी एक होते. मुलगा मेडिकलमधून गोळी आणतो, गिळतो आणि पोट दाबून पळत राहतो. नाहीतर घरचे म्हणतात, "जाऊ दे ते पळणं, आधी जीव सांभाळ," आणि तयारी कायमची सुटते. आमच्या मते दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. पोटाच्या बहुतेक आजारांत नीट उपचार घेऊन, सराव कमी-जास्त करून खेळ चालू ठेवता येतो. त्यासाठी आधी आजार उघडपणे सांगावा लागतो.

ब्रिटनचे नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यांना १९९२ मध्ये मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा आजार असल्याचे कळले. पुढे १९९७ मध्ये मधुमेहही निघाला. तरीही २००० साली सिडनीत त्यांनी सलग पाचव्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. त्यांनी आजार नाकारला नाही. औषधोपचार घेत घेत सराव केला.

पळताना पोट का बिघडते हे समजून घेऊ. जोरात धावताना शरीर रक्त पायांकडे वळवते आणि आतड्यांना ते कमी मिळते. त्यात हादरे, घाम आणि कमी पाणी. म्हणून निरोगी माणसाच्याही पोटात कळ येते, शौचाला लागते. पॉला रॅडक्लिफ या २००५ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये पोटात कळा आल्यामुळे रस्त्याच्या कडेला थांबल्या आणि तरीही शर्यत जिंकल्या. जगातल्या अव्वल धावपटूवर ही वेळ येते, तर आपल्या मुलांनी त्यात लाजण्यासारखे काय आहे?

पण रोजची जळजळ आणि उपाशीपोटी येणारी कळ ही वेगळी गोष्ट आहे. ती "पित्त आहे" म्हणून सोडून देऊ नये. जठरातल्या अल्सरचे एक मोठे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आहे. तो शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ चे नोबेल मिळाले. त्याआधी अल्सरचा दोष टेन्शनला आणि तिखटाला दिला जाई. हा जंतू बहुधा लहानपणीच शरीरात शिरतो, आणि दाटीच्या घरांत, जिथे पाणी व स्वच्छता धड नाही तिथे, जास्त पसरतो. म्हणजे दोष मुलाच्या जिभेचा नसून आपल्याला मिळणाऱ्या परिस्थितीचा असू शकतो. तपासणी करून डॉक्टरांनी दिलेला औषधांचा कोर्स, बहुधा १४ दिवसांचा, पुरा केला तर हा जंतू बहुतेकांच्या शरीरातून जातो. बरे वाटले म्हणून कोर्स अर्धवट सोडला तर तो पुन्हा डोके वर काढतो.

अल्सरचे दुसरे मोठे कारण आपल्या मुलांच्या खिशातच असते. पिंडऱ्या आणि नडग्या दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या जातात. या गोळ्या जठराचे अस्तर सोलतात, आणि घाम गेलेल्या शरीरात मूत्रपिंडांवरही ताण आणतात. पळण्याआधी "खबरदारी म्हणून" गोळी घेण्याची पद्धत मैदानावरच बंद व्हायला हवी. तंबाखू, मावा आणि उपाशीपोटी चहावर चहा हेही त्याच यादीत धरा.

कधी थांबायचे, हे घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. ताप असेल, उलट्या थांबत नसतील, शौचातून रक्त येत असेल किंवा शौच डांबरासारखी काळी होत असेल, वजन उतरत असेल, रात्री पोटदुखीने झोप मोडत असेल, तर त्या दिवशी मैदान नाही, दवाखाना. टायफॉइडमध्ये आतड्याला व्रण पडतात. ताप उतरला म्हणजे ते भरले असे नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पळू नका.

साधे जुलाब असतील तर ओआरएस घ्या. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. शौच नीट होऊन, ताप नसताना एक-दोन दिवस गेले आणि लघवी फिकट होऊ लागली, की आधी चालणे, मग हळू धावणे, मग निम्मे अंतर. पहिल्याच दिवशी घड्याळ लावू नका.

खाण्याचेही पाहा. पहाटे भिजवलेले हरभरे खाऊन लगेच धावले की पोटात वायू धरतो. हरभरे पळून आल्यावर खा. पळण्याआधी केळे किंवा थोडी भाकरी पुरते. कच्ची अंडी ताकद देतात हा समज सोडा. उकडलेले अंडे पचायला सोपे असते, आणि कच्च्या अंड्यातून पोटाचा संसर्ग होऊ शकतो.

मुलींची गोष्ट वेगळी सांगायला हवी. मैदानावर संडास नाही म्हणून त्या पाणीच पीत नाहीत, आणि जुलाब असले तरी तसेच धावून घरी येतात. याला आम्ही मुलींची सहनशक्ती म्हणणार नाही. ही सोय न करणाऱ्यांची चूक आहे. वस्तीत गटारातून गेलेल्या फुटक्या पाइपचे पाणी येत असेल तर ते उकळूनच प्या. पण प्रत्येक घराने रोज गॅस जाळून पाणी उकळावे, हा कायमचा उपाय नव्हे. विहारात बैठक बोलवा, सह्या गोळा करा, पाण्याचे नमुने तपासण्याची आणि मैदानावर मुलींसाठी संडासाची लेखी मागणी वॉर्ड ऑफिसात द्या. पोचपावती घ्यायला विसरू नका.

भरतीची तारीख कुणाच्या पोटासाठी थांबत नाही, आणि वयाची अट दरवर्षी जवळ येते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच सांगतो, हॉलतिकीट येईपर्यंत थांबू नका. जाहिरात येण्याआधीच तपासणी करून घ्या. मुलांना सराव देणाऱ्या दादा-ताईंना आमची एकच विनंती आहे. वेळ किती लागला हे विचारण्याआधी रोज सकाळी प्रत्येकाला विचारा, "पोट कसं आहे?" रोज विचारले गेले की उत्तर द्यायला कुणी लाजणार नाही.