आकडा आहे, आधार कुठे आहे?

लोणारचे विवर किती वर्षांपूर्वीचे? आमच्या बुलढाणा जिल्ह्याविषयीच्या एका पुस्तिकेत ५२ हजार वर्षे असे छापलेले सापडते, दुसरीत ५ लाख ७० हजार. दोन्हींचे लेखक विद्वान, दोन्हींचा स्वर ब्रह्मवाक्याचा. परंतु हा आकडा कुणी, कधी आणि कशावरून काढला, याविषयी चकार शब्द नाही. वर्गातला मुलगा विचारतो, "गुरुजी, खरे कोणते?" मास्तराने काय करावे? चिठ्ठ्या टाकाव्यात?

वास्तविक दोन्ही आकडे कष्टाने मिळवलेले आहेत. अशनीच्या आघाताने येथला खडक वितळून त्याची काच झाली. ती तापवली असता निघणारा मंद प्रकाश मोजून सेनगुप्ता, भंडारी आणि वातानाबे यांनी १९९७ साली ५२ हजारांचा आकडा दिला. २०११ साली जूर्दाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी आघातात वितळलेल्या खडकातील आरगॉन वायूच्या मापनावरून ५ लाख ७० हजारांचा दिला. पहिल्यांनी ६ हजारांची, दुसऱ्यांनी ४७ हजारांची चूकभूल आपण होऊन नोंदवली. नकलून घेणाऱ्यांनी आधी नाव गाळले, मग वर्ष गाळले, शेवटी चूकभूलही गाळली. उरला तो बेवारस आकडा. ज्याचा धनी ठाऊक नाही, त्याचा जाब कुणाला विचारायचा?

यावर आमच्या पंडितांची उत्तरे ठरलेली. म्हणे, तळटिपांनी रसभंग होतो! रसाची काळजी आम्ही कादंबरीकार वाहू. कादंबरी 'मी कल्पित आहे' असे सांगूनच दारात येते. प्रबंध 'मी सत्य आहे' म्हणत येतो. त्याने पुरावा दाखवलाच पाहिजे. दुसरे उत्तर असे की, ज्ञान ही गंगा, तिच्या पाण्यावर नाव कसले? मुखपृष्ठावर स्वतःचे नाव घालताना ही गंगा आठवत नाही. दुसऱ्याचे नाव लिहायची पाळी आली की मात्र तिला पूर येतो!

आणि ही काही साहेबाने शिकवलेली शिस्त आहे, असेही कुणी समजू नये. तेराव्या शतकात म्हाइंभटाने 'लीळाचरित्र' सिद्ध केले, तेव्हा चक्रधरस्वामींना ज्यांनी डोळ्यांनी पाहिले होते त्यांच्याकडे तो स्वतः गेला, आठवणी विचारून घेतल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. त्याच ग्रंथात स्वामींच्या लोणारच्या मुक्कामाची हकीकत आहे. सातशे वर्षांपूर्वी जो साक्षीदार गाठण्यासाठी पायपीट करतो, त्याचे वारस आज एक ओळ लिहायला कंटाळतात!

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. तळटीप ही विद्वानांची मिरवणूक आहे, असे मला कधीच वाटले नाही. ती माझ्यासारख्यांसाठीच आहे. प्राध्यापकाला मूळ लेख ठाऊक असतो. खेड्यातल्या मास्तराला त्याच्यापर्यंत पोहोचायची वाट म्हणजे पानाखालची ती एक ओळ. ती गाळणारा लेखक आम्हांला बजावतो, "मी सांगतो ते माना, पुढे विचारू नका." ही भाषा मठाधिपतीला शोभेल, अभ्यासकाला शोभत नाही. उद्या लोणारचा तिसरा आकडा निघाला, तर ज्याच्याजवळ मागच्यांची नावे आणि वर्षे आहेत तोच तोलून-मापून जुने सोडील. बाकीचे आपापली पुस्तिका छातीशी धरून भांडत बसतील.

तेव्हा लेखकहो, आकडा द्याल तर कुणी, कधी, कशावरून, एवढे त्याच्याखाली द्या. तेवढी शाई परवडत नसेल, तर आकडाही आपल्यापाशीच ठेवा.