नोंद हेही उत्तरकार्यच

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळियेची कोंढाळकरवाडी दरडीखाली गाडली गेली. शोधकार्य थांबले तेव्हा अनेकांचे देह सापडले नव्हते. सात वर्षे ज्याची वार्ता नाही, त्यास कायदा मृत मानतो. तेवढी प्रतीक्षा न लादता बेपत्तांना मृत घोषित करण्यात आले, हे उचितच झाले. दाखल्यावाचून वारसनोंद अडते, विधवेचे निवृत्तिवेतन खोळंबते.

मात्र घरोघरीच्या मृत्यूंबाबत समाज उदासीन आहे. १९६९ च्या कायद्यानुसार २१ दिवसांत खबर द्यावी लागते. वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नोंदही मृत्यू जेथे घडला तेथेच होते. पोलादपूरचा वृद्ध मुंबईच्या रुग्णालयात निवर्तला, तर गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालणे व्यर्थ होय. वर्षानुवर्षे मुंबईशी बांधलेल्या या तालुक्यांत ही गफलत सहज घडते.

कार्यालयांनी शोकाकुल कुटुंबास एकाच खेपेत सर्व कागदपत्रे सांगावीत. कार्यकर्त्यांनीही खांदा देऊन थांबू नये. तेराव्यापूर्वी नोंद झाली का, हे आवर्जून विचारावे. दिवंगताच्या पश्चात त्याच्या घराला आधार देणे, हेही उत्तरकार्यच आहे.