नाही जमत तर यायचं कशाला?

मे महिन्यात आमच्या वस्तीतल्या दोन बचत गटांची मिळून सहल निघाली. दरवर्षी देवदर्शन असतं. यंदा बायकांनीच ठरवलं, वॉटर पार्कला जायचं. सहा महिने थोडे थोडे पैसे बाजूला टाकले, तेव्हा कुठे तिकिटाचे आणि बसचे जमले. साठी ओलांडलेल्या अक्का म्हणाल्या, "पोरांना घेऊन जायला सगळ्याच जातात. मला स्वतःला पाण्यात खेळायचंय." त्यावर कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

मला गेली अकरा वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, शौचातून रक्त जातं. आजार संसर्गजन्य नाही. औषधाने आटोक्यात राहतो, मुळापासून जात नाही. मधूनमधून उसळतो, आणि उसळला की दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागतं. त्यातही सगळ्यात कठीण भाग म्हणजे कळ आल्यापासून हातात दोन-तीन मिनिटं असतात. ही 'सवय' नाही, 'मनाचा कमकुवतपणा' नाही. सुजलेलं आतडं मळ धरून ठेवूच शकत नाही.

म्हणून सहलीची माझी तयारी दोन दिवस आधी सुरू झाली. आदल्या दुपारपासून जेवण बंद. सकाळी चहा नाही. पाणी घोटभर. पिशवीत दोन जादा सलवारी, पॅड, साबण, प्लॅस्टिकच्या पिशव्या, औषधाची चिठ्ठी. बसच्या वाटेवर पंप कुठे, धाबा कुठे, हे डोक्यात पाठ. पार्कमध्ये शिरल्याबरोबर इतरांनी घसरगुंड्या पाहिल्या, मी संडास मोजले.

तरीही जे व्हायचं ते झालं. उंच घसरगुंडीच्या जिन्यावर दोन्ही बाजूंनी कठडा, मागे-पुढे माणसं, पाऊण तासाची रांग. वर पोचायला थोडं उरलेलं असताना कळ आली. अक्का माझ्या पुढे होत्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला, काही न विचारता माझा हात धरला आणि माणसं बाजूला करत आम्ही खाली आलो. जिन्याच्या पायथ्याशी दहा पावलांवर संडास होता. दारावर पाटी: 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी'. तिथल्या माणसाने अडवलं. मी आजार सांगितला. तो म्हणाला, "मॅडम, दिसत तर काही नाही." मग त्याच्या वरिष्ठ बाई आल्या. त्यांनी लाटांच्या तलावापलीकडचं बायकांचं स्वच्छतागृह दाखवलं आणि म्हणाल्या, "नाही जमत तर यायचं कशाला?"

पलीकडच्या स्वच्छतागृहापुढे वीसेक बायका, ओली पोरं कडेवर. पार्कच्या नियमाप्रमाणे अंगात भाड्याचा नायलॉनचा पोशाख. तो ओला झाला की कातडीसारखा चिकटतो आणि लघवीला जायचं तरी खांद्यापासून सगळा उतरवावा लागतो. दाराला आत खुंटी नाही. खाली चिखल. माझा नंबर येईपर्यंत मी थांबू शकले नाही.

पुढचं एकच सांगते. तिथे सफाईला असलेल्या मावशींनी मला आत घेतलं, बादली भरून दिली, दाराशी उभ्या राहिल्या, अक्कांकडून लॉकरची किल्ली घेऊन माझी पिशवी आणवली. एक प्रश्न विचारला नाही. आम्ही परत गेलो तेव्हा घसरगुंडीची रांग पुन्हा पहिल्यापासून धरायची होती आणि बसची वेळ झाली होती. अक्कांची घसरगुंडी राहिली ती राहिलीच.

परतीच्या बसमध्ये मी गप्प बसणार होते. अकरा वर्षं बसलेच आहे. पण त्या दिवशी शेजारणीला सांगितलं. तिने मागच्या सीटला सांगितलं. आणि मग एकेक तोंड उघडायला लागलं. एकीला दुसऱ्या बाळंतपणात खालपर्यंत फाटलं होतं, टाके पडले. तेव्हापासून तिला वारा आणि पातळ शौच धरता येत नाही. मूल आता नऊ वर्षांचं आहे. नवऱ्याला माहीत नाही, डॉक्टरला कधी सांगितलं नाही. दुसरी घराबाहेर पडायचं म्हटलं की पोटात मुरडा येतो म्हणून लग्नकार्यं टाळते. सासरचे म्हणतात, माणूसघाणी आहे. तिसरीला वर्षभर रक्त पडतंय. मूळव्याध समजून ती झाडपाल्याचं औषध घेते आहे. सत्तेचाळीस जणांच्या बसमध्ये, एका तासात, चार बायका. यातली कुणीही आधी कुणाला बोलली नव्हती.

म्हणून हे लिहिते आहे.

मैत्रिणींनो, पाळीबद्दल बोलायला आपण शिकलो. शिबिरांतून शिकलो, एकमेकींकडून शिकलो, विटाळाची भीती घालवली. लघवीबद्दलही बोलायला लागलो. २०११ मध्ये मुंबईत 'राइट टू पी' ही मोहीम उभी राहिली. मुताऱ्या पुरुषांना फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, हा उघडा अन्याय तिने चव्हाट्यावर आणला. पुढे 'मिळून साऱ्याजणी' मासिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये राज्यातल्या महापालिकांना रस्त्यावर वावरणाऱ्या बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं उभारण्याचे आदेश दिले. ही आपल्या चळवळीची कमाई आहे आणि तिचा अभिमान आहे. पण 'संडास' हा शब्द अजूनही आपल्या तोंडून निघत नाही. 'बाथरूमला जायचंय', 'दोन नंबर', 'पोट बिघडलंय' अशा आडोशाने आपण तो उच्चारतो. जुलाब, आव, धरता न येणं, आतड्याची पिशवी पोटावर लावलेली असणं, हे सगळं आपल्याही आरोग्य शिबिराबाहेर राहिलं.

का राहिलं? बाईचं शरीर एक तर सुंदर असावं नाहीतर सोसणारं असावं, एवढीच मुभा या समाजाने दिली आहे. पुरुष भिंतीला तोंड करून उभा राहतो तेव्हा तो 'अडचणीत' असतो. बाईचे कपडे खराब झाले तर तिचं चारित्र्य, संस्कार, स्वच्छता सगळं खराब होतं. लहानपणापासून आपल्याला धरून ठेवायला शिकवलं जातं. अंधार पडेपर्यंत धर, पाहुणे जाईपर्यंत धर, पुरुषमंडळी मागच्या दारातून हलेपर्यंत धर. धरून ठेवणं हाच बाईपणाचा पहिला धडा. ज्या बाईला शरीरानेच ते जमत नाही, ती मग बाई म्हणूनच नापास ठरते.

आता आपल्यातल्याच काहींचा आक्षेप घेते, कारण तो मला संघटनेच्या बैठकीत तोंडावर ऐकवला गेला. "वस्तीत प्यायला पाणी नाही, आणि तू वॉटर पार्कमधल्या संडासाचं काय घेऊन बसलीस? हा चैनीचा प्रश्न आहे." मला याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. ज्या बायकांनी सहा महिने पैसे साठवले त्यांना चैन करायचा हक्क नाही? गरीब बाईने फक्त पाण्याच्या टँकरच्या रांगेत उभं राहायचं, आणि घसरगुंडीच्या रांगेत उभी राहिली की तिची मागणी किरकोळ? आनंद, मोकळं हवापाणी, मुलांबरोबर खेळणं या गोष्टी उरल्यासुरल्या वेळात मिळाल्या तर घ्याव्यात, हे आपल्याला कुणी शिकवलं? शिवाय ही रांग वॉटर पार्कपुरती नाही. तीच रेशनच्या दुकानात आहे, एस.टी. स्टँडवर आहे, मोर्चात आहे. आपल्याच मोर्चांना किती जणी येत नाहीत आणि 'घरचे सोडत नाहीत' असं सांगून वेळ मारून नेतात, ते आपण कधी विचारलं?

आणि 'मग यायचं कशाला' या प्रश्नाचंही उत्तर देते. हा प्रश्न नवा नाही. बाळंतीण कामावर येते तेव्हा तो विचारतात. चाकाच्या खुर्चीतली बाई नाटकाला येते तेव्हा विचारतात. रात्री उशिरा बाई रस्त्यावर दिसली की विचारतात. जागा एका ठरावीक शरीरासाठी बांधायची, आणि ज्यांचं शरीर त्यात बसत नाही त्यांनाच दोष द्यायचा, ही जुनी रीत आहे. मी तिकिटाचे पूर्ण पैसे भरले होते. तिकिटावर 'निरोगी आतड्यांसाठी' असं लिहिलेलं नव्हतं.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार आधीच्या सातांवरून एकवीसवर नेले. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल आले, आणि ते योग्यच झालं. पण अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्याचे आजार त्या यादीत नाहीत. बाहेरून न दिसणाऱ्या आजाराची बाई दाखला दाखवू शकत नाही आणि दाखल्याशिवाय तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. वर क्रोन्स हा आतड्याच्या क्षयासारखा दिसतो, त्यामुळे आपल्याकडे नेमकं निदान व्हायलाच पुष्कळ काळ जातो. बाईच्या बाबतीत त्यात "टेन्शन घेऊ नका" हे औषध आधी वर्ष-दोन वर्षं चालतं.

दुसरीकडे काय झालं पाहा. अमेरिकेत क्रोन्स असलेल्या ॲली बेन या चौदा वर्षांच्या मुलीला एका दुकानाने कर्मचाऱ्यांचं स्वच्छतागृह वापरू दिलं नाही. ती आणि तिची आई गप्प बसल्या नाहीत, लोकप्रतिनिधीकडे गेल्या. २००५ मध्ये इलिनॉय राज्याने कायदा केला की असा आजार असलेल्या गिऱ्हाइकाला दुकानाने आपलं स्वच्छतागृह वापरू द्यायचं. नंतर इतर काही राज्यांनीही तसे कायदे केले. इंग्लंडमध्ये अशा रुग्णांच्या संस्थेतर्फे 'थांबू शकत नाही' असं सांगणारं कार्ड मिळतं. ते दाखवलं की चारचौघांत आजाराची कहाणी सांगत बसावं लागत नाही.

पण मिळालेलं टिकतंच असं नाही. अमेरिकेतल्या डिस्नेच्या बागांमध्ये अपंगांना प्रत्यक्ष रांगेत उभं न राहता आपल्या वेळेची वाट बाहेर पाहण्याची सोय होती. तिचा आधार आतड्याचे रुग्णही घेत. २०२४ मध्ये कंपनीने ती मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अपंगत्वापुरती आवळली. इतरांनी रांग सोडून जावं आणि परत यावं, असा पर्याय पुढे केला. म्हणजे भरल्या रांगेत पुन्हा वाट काढत जा, आणि प्रत्येकाला सांगत सुटा. गैरफायदा घेणारे होते म्हणून हे करावं लागलं, असं सांगितलं गेलं. गैरफायदा घेणाऱ्यांना शोधायचं सोडून गरजूंना बाहेर काढायचं, हे आपल्याला रेशनकार्डापासून ओळखीचं आहे.

सफाईवाल्या मावशींबद्दल बोलल्याशिवाय हा लेख संपवता येणार नाही. माझी लाज ज्यांनी निस्तरली त्या कंत्राटी कामगार आहेत. हातात मोजे नव्हते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींच्या माथी मारलं गेलं ते सांगायला नको. आपण 'जास्त स्वच्छतागृहं द्या' म्हणतो तेव्हा ती कोण धुणार, किती पगारावर, कोणत्या साधनांनी, हेही त्याच दमात म्हणायला हवं. नाहीतर एका बाईची सोय दुसऱ्या बाईच्या पाठीवर उभी राहील.

तर मागण्या या आहेत. पार्क, मॉल, यात्रास्थळ, मैदान, जिथे तिकीट किंवा गर्दी आहे तिथे:

१. वैद्यकीय गरज सांगणाऱ्या कुणालाही जवळचं स्वच्छतागृह, कर्मचाऱ्यांचं असलं तरी, तत्काळ वापरू द्यावं. पुरावा मागू नये.
२. रांग सोडून गेलेल्या व्यक्तीला आणि तिच्या सोबतिणीला परत आपल्या जागी घ्यावं.
३. प्रत्येक मोठ्या खेळाजवळ संडास असावा. बायकांकडे मुताऱ्या नसतात, फक्त संडास असतात, आणि कपडे व मुलं यांमुळे वेळ जास्त लागतो. म्हणून बायकांची भांडी पुरुषांच्या बरोबरीने नव्हे, जास्त हवीत.
४. आत नळ, बादली, खुंटी, कचऱ्याचा डबा, आणि कपडे बदलायला एक कोरडी खोली असावी.
५. स्वतःचे सोयीचे कपडे घालण्याची मुभा असावी.
६. सफाई कामगारांना कायम नोकरी, मोजे, बूट, आणि तेच स्वच्छतागृह वापरण्याचा हक्क मिळावा.

आणि सरकारकडे मागणी, की आतड्याचे दीर्घकालीन आजार दिव्यांग कायद्याच्या यादीत घ्या.

आपल्या गटांनी एवढं तरी करावं. पुढच्या आरोग्य शिबिरात बाळंतपणानंतरच्या तक्रारी विचारताना शौचाबद्दल नाव घेऊन विचारा. रक्त पडत असेल तर मूळव्याध गृहीत न धरता तपासायला पाठवा. सभा-मोर्चाची जागा ठरवताना संडास आधी पाहा. आणि गावातल्या, शहरातल्या अशा एका करमणुकीच्या जागी जाऊन वरची यादी हातात घेऊन मोजदाद करा. जे सापडेल ते या अंकाकडे पाठवा. पुढच्या अंकात आपण ते छापू आणि व्यवस्थापनांना नेऊन देऊ.

त्या पार्कला आम्ही पत्र दिलं आहे. खाली सह्या तेवीस आहेत, पहिली अक्कांची. बसमधल्या तिसऱ्या मैत्रिणीला मी सिव्हिलमध्ये घेऊन गेले, दुर्बिणीची तपासणी झाली, आता उपचार सुरू आहेत. पुढच्या मे महिन्यासाठी पैसे साठवायला बायकांनी सुरुवात केली आहे. जागा तीच ठरली आहे. मीही जाणार आहे.